वाचक विचारतात : बर्पी करताना कंबर का धरते?

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच व्यायामाबद्दल आहेत, बर्पी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उभं राहायचं, खाली बसून हात जमिनीवर टेकायचे, पाय मागे टाकायचे, कोणी त्यात एक पुशअप घालतं, मग पाय परत पुढे घेऊन उठायचं आणि बरेच जण शेवटी उडी मारतात. पाय, पोट, छाती, खांदे सगळंच एकदम कामाला लागतं, सामान काही लागत नाही, सतरंजीएवढी जागा पुरते, त्यामुळे तो घराघरात पोचलाय. पण पोचलाय तो त्याच्या सगळ्यात अवघड रूपात, आधी काहीच न शिकता, आणि पत्रं वाचून त्याचंच वाईट वाटलं. म्हणून यावेळचं सगळं सदर त्याच्यावरच.

प्रश्न : मी 34 वर्षांची आहे, आयटीत काम करते, दिवसाचे नऊ दहा तास खुर्चीत जातात. दोन महिन्यांपासून ऑनलाइन क्लास लावलाय, त्यात शेवटची दहा मिनिटं बर्पी असतात. करताना काही वाटत नाही पण दुसऱ्या दिवशी कंबर धरते आणि डावं मनगट दुखतं. ट्रेनर म्हणतात सवय होईल. खरंच होईल का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : ताई, मांड्या भरून येणं, छाती अवघडणं, दंड दुखणं याची सवय होते, दोन तीन दिवसांत ते आपोआप ओसरतं. कंबर धरणं आणि एकाच मनगटात दुखणं याची सवय होत नाही, ते वाढत जातं. म्हणजे हालचालीत कुठेतरी चुकतंय, आणि कुठे चुकतंय ते तुम्हाला घरच्या घरी बघता येईल.

मोबाईल स्टुलावर ठेवा, गुडघ्याच्या उंचीला, तुमच्या समोर नाही तर बाजूला, आणि पाच बर्पींचा व्हिडिओ घ्या. मग तो थांबवत थांबवत बघा. हात जमिनीला लागतात तिथे पहिल्यांदा थांबवा. गुडघे जवळजवळ सरळ आहेत आणि पाठीला बाक आलाय असं दिसलं तर तुम्ही बसत नाही आहात, नुसत्या कंबरेतून वाकताय, आणि दर वेळी वरच्या अंगाचं सगळं वजन कंबरेच्या खालच्या भागावर येतंय. तिथे हिप्स खाली गेलेले हवेत, गुडघे वाकलेले हवेत, छाती मांड्यांजवळ आणि हात खांद्यांच्या बरोबर खाली.

दुसऱ्यांदा थांबवा ते पाय मागे जाऊन चवडे टेकतात तिथे. बहुतेकांचं इथेच चुकतं. पाय मागे फेकले की त्यांना वेग असतो, तो वेग पोटाच्या स्नायूंनी थांबवायचा असतो, पोट सैल असेल तर ओटीपोट खाली झुकतं, कंबरेत खळगा पडतो आणि मग झटका देऊन ते वर येतं. एकदा दोनदा झालं तर शरीर सोसतं. पण दिवसभर खुर्चीत बसून मांडीच्या पुढचे आणि जांघेतले स्नायू आखडलेले, ते आधीच कंबरेला पुढे ओढतात, वरून क्लासच्या शेवटी पोट दमलेलं, आणि अशा वेळी दहा मिनिटं तोच झटका पुन्हा पुन्हा, मग सकाळी कंबर धरणारच हो. क्लासमध्ये बर्पी शेवटी ठेवतात ना, मला तेच पटत नाही, जी गोष्ट सगळ्यात जास्त ताबा मागते ती अंगात ताबा उरलेला नसताना का करायची.

तिसऱ्यांदा थांबवा पाय पुढे येतात तेव्हा. पावलं हातांच्या बाहेरच्या बाजूला, पूर्ण टेकलेली, टाचासकट, अशी यायला हवीत. ती हातांच्या बरीच मागे राहिली आणि टाचा वर असल्या, गुडघे आत एकमेकांकडे वळले, तर उठताना पाय जोर लावत नाहीत, पाठच लावते.

मनगटाचं सांगायचं तर खाली येताना तळव्याच्या मागच्या भागावर धप्पकन वजन पडतं आणि मनगट पूर्ण मागे दुमडलेलं असताना ते पडतं. बोटं पसरा, तर्जनी आणि अंगठ्याच्या मुळाशी जो गादीसारखा भाग आहे तो दाबून ठेवा, बोटांची टोकंही जमिनीला लावून ठेवा, म्हणजे वजन वाटलं जातं. तरी दुखत असेल तर मुठीवर करा, किंवा दोन षटकोनी डंबेलच्या दांड्या धरून करा, तेव्हा मनगट सरळ राहतं. गोल डंबेल नको, ते घरंगळतं. डाव्याच हाताचं दुखणं महिनाभर टिकलं, किंवा पिशवी उचलतानाही कळ आली तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता काय करायचं ते सांगते. पंधरा दिवस बर्पी बंद. त्याऐवजी तिचे तुकडे करा, बैठक वेगळी, प्लँक (हात आणि चवडे टेकून अंग फळीसारखं सरळ धरून ठेवणं) वेगळा, पुशअप वेगळा. आपल्या तालमीत हेच होतं. जोर वेगळे, बैठका वेगळ्या, आणि दोन्ही अंगवळणी पडले की मग सपाटे, ज्यात जोर आणि बैठक एकापाठोपाठ जोडून येतात. तालमीगणिक सपाट्याची पद्धत थोडी बदलते पण नव्या पोराला पहिल्याच दिवशी सपाटे मारायला कोणी वस्ताद लावत नाही. माझा निकष असा आहे, टाचा न उचलता पंधरा बैठका, कंबर न झुकू देता तीस सेकंद प्लँक, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून आठ पुशअप, हे तिन्ही दम न कोंडता जमले की तुकडे जोडायला घ्या. जोडताना पाय फेकायचे नाहीत, एक पाऊल मागे, मग दुसरं पाऊल मागे, प्लँकमध्ये एक श्वास थांबा, पोट आवळलेलं आहे ना ते तपासा, मग एक पाऊल पुढे, दुसरं पुढे, आणि टाचांवर जोर देऊन उठा. उडी नाही. पुशअपही नाही. दर वेळी आधी जाणारा पाय बदला.

हे कमी दर्जाचं रूप आहे असं मनात आणू नका. हा व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते रॉयल बर्पी अमेरिकेतले, न्यूयॉर्कचे, शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक, त्यांनी 1930च्या दशकात तो काढला तेव्हा त्यात पुशअप नव्हता आणि उडीही नव्हती. बसा, पाय मागे, पाय पुढे, उभे राहा, बस एवढंच. आणि तो व्यायाम म्हणून नाही, माणसाचा दमसास पटकन तपासता यावा म्हणून, तेही फक्त चार वेळा करून आधीची आणि नंतरची नाडी बघायची. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन सैन्याने ती चाचणी उचलली आणि वेळ लावून जास्तीत जास्त किती होतात ते मोजायला लागले, तिथून आकडा वाढत गेला.

शेवटचं आणि महत्त्वाचं. कंबरेचं दुखणं मांडीतून गुडघ्याच्या खाली उतरलं, पायात मुंग्या आल्या किंवा पाऊल जड वाटलं तर व्यायाम बंद करून डॉक्टरांकडे जा. आणि दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागातली संवेदना गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तसंच हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतोय, वय 20. मित्रांनी मिळून रोज 100 बर्पीचं चॅलेंज घेतलं, मी आधी काही करत नव्हतो तरी पहिल्या दिवशी 100 पूर्ण केल्या, दुसऱ्या दिवशी हात कोपरातून सरळ होईनात. एका मित्राला तर लघवी काळपट झाली, तो म्हणाला उन्हामुळे असेल, पाणी पिऊन बरं वाटलं. आम्ही चालू ठेवावं का? अजून दमसास कसा वाढवावा?
(एक वाचक, बीड)

उत्तर : नाही मित्रा, चालू ठेवू नका, आणि हे वाचल्या वाचल्या त्या मित्राला फोन कर. त्याने रक्ताची आणि लघवीची तपासणी करून घ्यायला हवी, बरं वाटत असलं तरी.

काय होतं ते नीट समजून घे. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम प्रचंड भार पडला, त्यातून ऊन, त्यातून पाणी कमी, की स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात आणि त्यांच्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. ते गाळायचं काम मूत्रपिंडांवर येतं, आणि जास्त झालं तर मूत्रपिंडं बंद पडू शकतात. डॉक्टरी भाषेत याला रॅबडोमायोलिसिस म्हणतात. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी होणं ही त्याची खूण आहे, स्नायू टम्म सुजणं, नेहमीच्या अंगदुखीपेक्षा फार जास्त दुखणं, हात उचलताच न येणं याही खुणा. व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत हे दिसू शकतं. डॉक्टर सीके नावाची, स्नायूंना किती इजा झाली ते दाखवणारी रक्ततपासणी करतात आणि गरज असेल तर सलाईन लावतात, वेळेत गेलं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. घरी बसून दुखण्याच्या गोळ्या खात राहणं हे सगळ्यात वाईट, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा ताण पुन्हा मूत्रपिंडांवरच येतो. तुझा कोपर सरळ होत नसेल आणि दंड सुजला असेल तर तूही दाखवून ये.

दमसासाचं म्हणशील तर महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक आहे. बर्पी नाहीच आहे त्यात. तुझा मुख्य वेळ धावण्याला आणि गोळ्याच्या तंत्राला जायला हवा. बर्पी जोडीला ठेवायची असेल तर आठवड्यातून दोनदा ठेव, पाच पाचचे तीन सेट, मध्ये बोलता येईल इतका दम परत येईपर्यंत थांबायचं, आणि दर आठवड्याला थोडीशीच वाढव. थांबायचं कधी हे आकड्यावर ठरवू नकोस. ज्या बर्पीला कंबर खाली झुकली किंवा छाती जमिनीवर आदळली ती त्या सेटची शेवटची, मग ती सातवी असो नाहीतर तिसरी. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळी सात वाजायच्या आत उरकून घे, आणि ताप, जुलाब असतील किंवा आदल्या रात्री झोप झाली नसेल त्या दिवशी सुट्टी घे, त्याने भरती जात नाही.

प्रश्न : लाज वाटते पण विचारते. दुसऱ्या बाळंतपणाला दहा महिने झाले, आता जीम सुरू केलं. बर्पीची उडी मारली की थोडी लघवी होते. मैत्रिणी म्हणतात सगळ्यांनाच होतं, पॅड लाव आणि कर. नाव छापू नका.

उत्तर : नाव अर्थातच छापलेलं नाही, आणि लाजायचं काहीच कारण नाही, विचारलंत हे फार बरं केलंत. पुष्कळ बायकांना होतं हे खरं आहे, पण म्हणून ते तसंच चालू द्यायचं असं नाही, कारण यावर उपाय आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, मूत्राशयाला खालून तेच आधार देतात, आणि उडी मारून पाय जमिनीला लागतात तेव्हा पोटातला दाब एकदम खाली येतो तो त्यांना पेलत नाही. पॅड लावून उड्या मारत राहिलात तर कपडे कोरडे राहतील, पण स्नायू आहेत तिथेच राहतील.

उडी सध्या पूर्ण बंद. पाऊल पाऊल मागे टाकायची बर्पी, जी वर चिंचवडच्या ताईंना सांगितली, ती चालेल, पण हात जमिनीवर नको, मजबूत पलंगाच्या कडेवर किंवा ओट्यावर ठेवा आणि उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून उठलात की दाब पुन्हा खालीच जातो. पोट आवळताना मधोमध उभा उंचवटा वर येतो का तेही आरशात बघा, येत असेल तर पोटाचे स्नायू मध्ये फाकलेले असू शकतात आणि मग प्लँकही थोडे दिवस बाजूला ठेवायला हवा. स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा आणि त्यांच्याकडून या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं नाव घ्या. स्नायू आवळायचे व्यायाम पुस्तकात वाचून बऱ्याच जणी उलटे करतात, खाली जोर लावतात, म्हणून एकदा समोर बसून शिकलेलं चांगलं. साधारण तीन महिने मनापासून केलं की बहुतेकींना फरक जाणवतो. जीमच्या ट्रेनरला सगळं सांगायची गरज नाही, डॉक्टरांनी उड्या बंद सांगितल्यात एवढं म्हणा, पुरे.

प्रश्न : वय 52. बीपीची गोळी तीन वर्षं चालू आहे, आता 130 / 84 च्या आसपास असतं. मुलगा म्हणतो बाबा बर्पी करा, वजन लवकर उतरेल. मी लहानपणापासून सूर्यनमस्कार घालत आलोय, मध्ये सुटले होते. काय करू?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : काका, सूर्यनमस्कार. तुमच्याच जिल्ह्यात औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांत नेले, आणि खालचं वरचं अंग एकत्र वापरणारा, सामान न लागणारा, वेग आपल्या हातात ठेवणारा असा दुसरा व्यायाम शोधून सापडणार नाही. मुलाचा हेतू चांगला आहे, पण बर्पीचा वेग तुम्हाला आज गरजेचा नाही.

बीपी आटोक्यात असलेल्या माणसाने व्यायाम करावाच, त्याने बीपीला मदतच होते. जपायचं ते दोन तीन ठिकाणी. श्वास अजिबात कोंडायचा नाही, कारण दम रोखून जोर लावला की बीपी तेवढ्यापुरतं उसळी मारतं. डोकं खाली जाणाऱ्या स्थितीतून झटकन उभं राहायचं नाही, बीपीच्या काही गोळ्यांमुळे अशा वेळी चक्कर येते, म्हणून उठल्यावर एक श्वास जागेवर थांबा. आणि शेवटचा नमस्कार झाला की लगेच खुर्चीत बसू नका, तीन चार मिनिटं घरातल्या घरात चाला, नाहीतर पायांतलं रक्त पायांतच राहून डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळी बीटा ब्लॉकर गटातली असेल तर घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, त्या गोळीने नाडी वाढतच नाही तितकी. नमस्कार घालता घालता एक वाक्य सलग बोलता येतंय का एवढं बघा, येत असेल तर वेग बरोबर आहे.

सहा नमस्कारांपासून सुरू करा, रथसप्तमीला 108 घालायचा विचार असेल तर तो पुढच्या वर्षीसाठी ठेवा. सुरू करायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारा, मध्ये बरीच वर्षं खंड पडलाय म्हणून मुद्दाम सांगते. बसल्या जागी वरचं 180 च्या वर किंवा खालचं 110 च्या वर दिसलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दडपण, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, दरदरून घाम, असं काही झालं तर ॲसिडिटी असेल म्हणून सोडा घेत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : सत्तरीला आले. मागे न्हाणीघरात बसले ती उठताच येईना, सुनेने उचललं. नात बर्पी करते ते बघून वाटलं मला त्यातलं काही जमेल का.
(एक आजी, इचलकरंजी)

उत्तर : आजी, त्यातला उठायचा भाग तुम्हाला हवाच आहे, आणि तो शिकता येतो. नातीला शेजारी उभं करा. हात असलेली जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची नको. आधी नुसतं त्या खुर्चीत बसा आणि उठा, हातांचा आधार घेऊन, दिवसातून दोन वेळा पाच पाच. पंधरा दिवसांनी हात मांडीवर ठेवून उठून बघा. ते जमलं की ओट्याला दोन्ही हात लावून एक पाऊल मागे, दुसरं मागे, अंग तिरकं सरळ, दोन श्वास थांबून परत पुढे. झाली तुमची बर्पी, यात पायही आले, हातही आले.

जमिनीवरून उठायला मात्र वेगळी रीत शिका. पाठीवर असाल तर आधी कुशीवर वळा, मग हात टेकून गुडघ्यांवर या, खुर्चीपर्यंत रांगत जा, तिच्यावर दोन्ही हात ठेवा, जो पाय बरा आहे त्याचं पाऊल पुढे रोवा आणि मग उठा. गुडघ्याखाली घडी घातलेली गोधडी घ्या. नात घरी असताना आठवड्यातून दोनदा सराव करा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलेलं असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुडघे टेकू नका. आणि न्हाणीघरात भिंतीला दांडा बसवून घ्या, याच आठवड्यात.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी पहाटे बर्पी करतो तर खालचे काका तक्रार करतात. मॅट घेतली तर ती टाइल्सवर सरकते. मोजे घालून करू का?

उत्तर : मोजे अजिबात नको, गुळगुळीत टाइल्सवर पाय मागे टाकताना सरकला की तोंडावर पडाल. अनवाणी करा किंवा पकड असलेले बूट घाला. योगाची पातळ मॅट सरकते, त्याऐवजी जाड रबरी शीट मिळते ती घ्या, आणि टाकल्यावर आधी तिच्यावर हात ठेवून जोरात ढकलून बघा, हलली तर बदला. घाम गळला की लगेच पुसा, पावसाळ्यात तर फरशीच ओलसर असते. धप्प आवाज येतोय म्हणजे तुमचे पाय कडक पडतायत, तेवढाच मार गुडघ्यांनाही बसतोय, तेव्हा चवडा आधी, मग टाच, गुडघे वाकवून उतरा. सातच्या आधी मात्र पाऊल पाऊल टाकूनच करा, खालच्या काकांनाही झोप हवी.